तीच कॉर्ड, सोळा बार

कॉर्ड चार वेळा आली तर लिहून टाक. आठ वेळा आली तर जरा थांब. सोळा बार तीच राहिली, तर पेन खाली ठेव आणि मनाने वाजवणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बस. पोरी, हे माझं शहाणपण नव्हे, आमच्या मास्तरांचं. ते साष्टीतले. चर्चच्या शाळेत सॉल्फेज आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आले आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पार्ट लिहून द्यायला लागले. त्या काळी स्टाफ नोटेशन झरझर वाचणारी माणसं बहुतेक गोव्याहूनच यायची. अरेंजर म्हणून सेबॅस्टियन डिसूझांचं नाव तू ऐकलं असशील. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव तर गाण्यातच आलं. पण त्यांच्यामागे पाठ वाकवून पार्ट उतरवणाऱ्या कॉपिस्टांची नावं कुठल्याच श्रेयनामावलीत दिसत नाहीत.

हाताने लिहायचं तेव्हा तीच कॉर्ड पुन्हा लिहिताना बोटं दुखायची, आणि दुखली की माणूस विचार करायचा. हे सगळं लिहायलाच हवं का? एखाद्या खुणेवर भागेल का? समोरच्याला ती कळेल का? आता तू म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बार निवडतेस, आर दाबतेस आणि बार शेजारी उमटतो. सोळा वेळा दाबलंस तर सोळा. सिबेलियस आणि डोरिकोतही हेच अक्षर. यंत्र थकत नाही, त्यामुळे विचार करायची ती वेळच येत नाही. म्हणून यंत्राने जे सोपं केलंय, तिथे आता मुद्दाम थांबायचं. माझे बाकीचे कानमंत्र याच एका गोष्टीच्या पोटातले.

पहिला प्रश्न: कॉर्ड पुन्हा वाजवायची आहे की धरून ठेवायची आहे? वरवर बाळबोध वाटेल, पण नवशिक्यांच्या पार्टमध्ये सर्वांत जास्त घोळ इथेच दिसतो. चार बार धरून ठेवायची असेल तर स्वर जोडणारा टाय हवा, आणि कॉर्डच्या प्रत्येक स्वराला स्वतंत्र टाय हवा. तीन स्वरांच्या कॉर्डला दोनच टाय राहिले, तर तिसरा स्वर पुढच्या बारात पुन्हा वाजणार, आणि वाजवणाऱ्याची त्यात चूक नाही. म्यूझस्कोरमध्ये कॉर्ड लिहिताना टी दाबलंस की अख्खी कॉर्ड टायसकट पुढे जाते. मधूनच एखादा स्वर वेगळा निवडून काम केलंस, की मात्र एखादा टाय निसटतो. डोरिकोत लांब कॉर्ड एकदा घातली की बारलाइन आली तिथे ती आपणहून तुटते आणि टाय लागतो, कारण त्याच्या लेखी तो एकच लांब स्वर असतो. लिलिपाँडमध्ये कॉर्डच्या पुढे लाटेसारखं एक चिन्ह घातलं की सगळ्या स्वरांना टाय लागतो.

टाय तपासायला कान वापर. संगणकाकडून वाजवून घे. जिथे टाय सुटला असेल तिथे कॉर्ड पुन्हा ठोकली जाते आणि लगेच ऐकू येते. पण या ऐकण्यावर इतर बाबतींत भिस्त ठेवू नकोस. ई फ्लॅटच्या जागी डी शार्प पडला असेल, बीम मधोमध चुकीचा तुटला असेल, पान भलत्याच जागी उलटावं लागत असेल, यातलं काहीच स्पीकर सांगत नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

टाय असलेल्या जागी पुनरावृत्तीची खूण कधी घालू नकोस. बारच्या मध्यभागी तिरकी रेघ आणि तिच्या दोन बाजूंना दोन ठिपके, ज्याला आम्ही टक्का म्हणायचो, ती खूण सांगते की मागचा बार पुन्हा वाजव. टाय सांगतो की पुन्हा वाजवू नकोस. दोघांना शेजारी बसवलंस, तर वाजवणारा हात वर करून विचारणार की नेमकं काय करू, आणि सगळा वाद्यवृंद तुझ्यासाठी खोळंबणार.

आता लिलिपाँडबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लांबलेल्या कॉर्डसाठी माझा जीव त्याच्यावरच आहे. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डचांनी 1996 मध्ये ते सुरू केलं. त्यात माउसने काही ओढायचं नसतं. संगीत अक्षरांत लिहायचं आणि ते संगणकाकडून छापून घ्यायचं. कॉर्ड टोकदार कंसात लिहितात. पुढे तीच कॉर्ड पुन्हा हवी असेल तर क्यू हे एकच अक्षर पुरतं. मध्ये चार सुटे स्वर किंवा विराम आले तरी क्यू शेवटच्या कॉर्डलाच धरून राहतो. स्वरांचा काळ बदलायचा असेल तर क्यूच्या पुढे आकडा घालायचा, म्हणजे तीच कॉर्ड पाव मात्रेची किंवा अर्ध्या मात्रेची होते.

क्यूचा खरा फायदा सापेक्ष पद्धतीत लिहिताना कळतो. सापेक्ष पद्धतीत प्रत्येक कॉर्डचा पहिला स्वर आधीच्या कॉर्डच्या पहिल्या स्वरावरून मोजला जातो. समज, पहिल्या कॉर्डला अष्टक वर नेणारी अपॉस्ट्रॉफीची रेघ लागली आहे, आणि तू ती कॉर्ड रेघेसकट उचलून पुढे चिकटवलीस. दुसरी कॉर्ड एक अष्टक वर जाईल, तिसरी आणखी एक. बघता बघता व्हायोलाचा पार्ट पिकोलोच्या घरात पोचलेला असतो. क्यू वापरलास तर असं काही होत नाही, कारण त्याचे स्वर आधीच ठरलेले असतात.

आणखी एक खोच लक्षात ठेव. क्यू फक्त स्वर आणतो. मूळ कॉर्डवरची ॲक्सेंट, स्टकाटोचे ठिपके, जोर-हळूच्या खुणा मागेच राहतात. हवं असेल तर कॉर्ड-रिपीट्स नावाच्या आज्ञेला सांगून त्या सोबत आणता येतात, पण सांगावं लागतं. म्यूझस्कोरचा आर याच्या उलट. अख्खा बार निवडून दाबलास तर ॲक्सेंटसकट सगळं पुन्हा उमटतं. म्हणून कुठलं हत्यार कधी उचलायचं, ते आधी संगीत पाहून ठरव. दर बारला ॲक्सेंट त्याच जागी पडत असेल तर आर बरा. जागा बदलत असेल तर क्यू बरा.

याला सर्वांत मोठं उदाहरण स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'चं. 29 मे 1913 ला पॅरिसच्या तेआत्र दे शांझेलिझेमध्ये हे बॅले पहिल्यांदा झालं आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण कॉपिस्टाच्या नजरेने त्यातला दुसरा भाग पाहा, 'ऑगर्स ऑफ स्प्रिंग'. तंतुवाद्यं एकच कॉर्ड आठव्या मात्रांत सलग ठोकत राहतात, प्रत्येक मात्रा बो खाली ओढून. खाली एफ फ्लॅट मेजर, तिच्यावर ई फ्लॅटची सेव्हन्थ. स्वर जागचे हलत नाहीत. हलतो तो ॲक्सेंट. तो कुठे पडेल याचा अंदाज बांधता येऊ नये, हीच रचनाकाराची इच्छा, आणि तो पडतो तिथेच आठ हॉर्न कडाडतात. इथे टक्क्याची खूण घातली तर सगळं संगीतच पुसलं जाईल. म्हणून हा भाग पूर्णच लिहायचा. कॉर्ड यंत्राकडून लिहून घे, ॲक्सेंट एकेक हाताने लाव, मग मूळ स्वरलिपीवर बोट ठेवून मोज. आर दाबून मोकळी झालीस तर ॲक्सेंट दर बारला त्याच जागी येईल, आणि त्या गोंधळाच्या संध्याकाळचं संगीत कवायतीच्या बँडसारखं वाजेल.

वादकाला पूर्ण लिहिलेलं कधी हवं असतं आणि खूण कधी हवी असते, हे वाद्यावर अवलंबून आहे. एकट्या पियानोच्या पानात खुणा नकोतच. पियानोवाला बोटं कुठे ठेवायची ते पाहत असतो. टक्का दिसला की त्याची नजर मागच्या बाराकडे जाते आणि हात एका क्षणासाठी बिथरतो. बीथोव्हेनच्या ऑपस 53 च्या सोनाटाची, म्हणजे 'वाल्डस्टाइन'ची सुरुवात बघ. मंद आवाजात सी मेजर आठव्या मात्रांत टकटकत राहते. थोड्याच बारांनी तोच विषय परत येतो, पण या वेळी कॉर्ड सोळाव्या मात्रांत फुटून थरथरते. दोन्हीकडे सुरांचा आधार तोच, पण डोळ्यांना फरक दिसला पाहिजे. पूर्ण लिहिलं की पान दोन ठिकाणी दोन पोतांचं दिसतं आणि वाजवण्याआधीच हाताला कळतं.

वाद्यवृंदाच्या पार्टात गोष्ट वेगळी. तिथे दोन वादक एका स्टँडवर बसतात आणि पान उलटणारा आतल्या बाजूचा असतो. चार पानांचं सोळाव्या मात्रांचं जंगल दोन पानांत बसलं, तर एकदा पान कमी उलटावं लागतं. रेकॉर्डिंगमध्ये तर पानाचा आवाज माइकमध्ये जातो, म्हणून मास्तरांना खूण आवडायची. पण सरसकट नाही. त्यांचा दंडक असा की नव्या ओळीचा पहिला बार नेहमी पूर्ण लिहायचा, टक्क्याने ओळ सुरू करायची नाही. पान उलटल्यावर तर नाहीच, कारण मागचा बार मागच्या पानावर गेलेला असतो आणि काय परत वाजवायचं ते समोर दिसतच नाही. सॉफ्टवेअर हा दंडक आपणहून पाळत नाही. ओळ कुठे तुटणार हे तूच आधी ठरवायचं, तिथे सिस्टिम ब्रेक घालायचा, आणि मगच टक्के भरायचे. उलट क्रमाने केलंस तर शेवटी पानं जुळवताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टक्का उभा दिसेल.

टक्क्यांची रांग लागली की मोजणी हवी. वाजवणारा पुढे कुठे यायचं ते ऐकत असतो, वाद्यवृंदाच्या दिग्दर्शकाकडे पाहत असतो, शेजाऱ्याने मोज चुकवली तर बिथरतो. लिहिलेला बार पहिला, त्यापुढचा टक्का दुसरा, म्हणून आकडे दोनपासून सुरू होतात. लिलिपाँडमध्ये टक्क्यांची मोजणी दाखवायचा एक पर्याय चालू केला की दोन, तीन, चार असे आकडे वर येतात, आणि दर चारनेच आकडा दिसावा असंही सांगता येतं. म्यूझस्कोरमध्येही शैलीच्या पर्यायांत ही सोय आहे. मी दर चारने घालतो. प्रत्येक टक्क्यावर आकडा घातला तर पान अंकगणिताच्या वहीसारखं दिसतं. टक्के दोन बारांच्या पुनरावृत्तीचे असतील तर खूण बारलाइनवर बसते आणि वर दोनचा आकडा असतो. तिथे मोजणीच्या आकड्यांशी त्याची गल्लत होऊ देऊ नकोस.

राव्हेलच्या 'बोलेरो'त साइड ड्रमवाला दोन बारांचा एकच ठेका 169 वेळा वाजवतो, रचना आहे 340 बारांची. कॉर्ड नव्हे, पण तुझ्या समस्येचा थोरला भाऊ. अशा पार्टात टक्के कितीही नेटके असले तरी वाजवणाऱ्याचा बचाव आकड्यांनीही होत नाही. तिथे इतर वाद्यांची चाहूल लिहावी लागते: इथे बासून सुरू, इथे ट्रॉम्बोन. लहान अक्षरांत, स्टाफच्या वर. म्यूझस्कोरमध्ये साधा मजकूर घातलास तरी पुरे. सोळा बारांच्या कॉर्डलाही एखादा असा इशारा दिला तर वाजवणारा तुला दुवा देईल.

मोजणीवरून आठवलं. दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रिपीटची रेघ लावून वर 'चार वेळा' लिहितात. चार वेळा एकूण वाजवायचं, की एकदा वाजवून आणखी चार वेळा? मी दोन्ही अर्थ घेणारी माणसं पाहिली आहेत. म्हणून 'एकूण चार वेळा' असंच लिही, नाहीतर गुणिले चिन्हापुढे आकडा घाल आणि पहिल्या पानावर त्याचा अर्थ एकदा सांग. म्यूझस्कोरमध्ये बारच्या गुणधर्मांत किती वेळा वाजवायचं ते भरता येतं. ते भर आणि पानावरही लिही. एकावर विसंबू नकोस. संगणक तुझ्या भरलेल्या आकड्याने वाजवेल आणि माणूस कागदावरच्या आकड्याने.

अमेरिकेत 1960 नंतर ज्यांनी या पुनरावृत्तीवरच आपलं संगीत उभारलं, त्यांना हा प्रश्न रोज पडायचा. टेरी रायलीने 1964 मध्ये 'इन सी' लिहिलं. त्यात 53 लहान तुकडे आहेत आणि प्रत्येक वादक आपल्या मर्जीने प्रत्येक तुकडा हवा तितका वेळ परत वाजवतो. इथे टक्के नाहीत, मोज नाही, आकडा नाही, तरी गोंधळ नाही, कारण काय करायचं ते सुरुवातीला शब्दांत सांगितलंय. स्टीव्ह राइखच्या 'म्यूझिक फॉर 18 म्यूझिशियन्स'ची सुरुवात अकरा कॉर्डच्या सलग स्पंदनांनी होते. 1976 मध्ये न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ते पहिल्यांदा वाजलं. तिथे कॉर्ड किती वेळ चालायची हे श्वासावर ठरतं. फुंकवाद्यवाले आणि गायिका एका श्वासात जितकं वाजवतील, गातील तितकं, आणि आवाज चढत-उतरत जातो. अशा जागी प्रत्येक आठवी मात्रा मोजून छापणं म्हणजे रचनाकाराने मुद्दाम सैल ठेवलेली गाठ आवळणं. जिथे संख्या ठरलेली नाही तिथे संख्या लिहू नये. एवढं सोपं आहे, पण सॉफ्टवेअरला ठरलेली संख्या आवडते, म्हणून तुला त्याच्याशी भांडावं लागेल.

आता स्वराच्या दांडीवरच्या तिरक्या रेघा, म्हणजे ट्रेमोलो. एक रेघ म्हणजे आठव्या मात्रा, दोन म्हणजे सोळाव्या, तीन म्हणजे बत्तिसाव्या, किंवा वेग जास्त असेल तर न मोजता थरथरणं. लोक विसरतात की आठव्या मात्रेला स्वतःचा एक झेंडा असतोच, म्हणून तिला एक रेघ लावली तरी सोळाव्या होतात. पाव मात्रेला दोन रेघा आणि आठव्या मात्रेला एक रेघ, दोन्हींचा वेग एकच. लिलिपाँडमध्ये कॉर्डच्या पुढे दोन ठिपके घालून सोळा लिहिलं की तू मागितलेला वेग तो स्वतः रेघांत मोजून देतो, झेंडा असो वा नसो. म्हणून मला ती पद्धत सुरक्षित वाटते. म्यूझस्कोरच्या पॅलेटमधून रेघा ओढून लावताना हिशोब तुझ्यावर पडतो.

कितीही रेघा लावल्यास तरी पहिला गट पूर्ण लिही. आठ आठव्या मात्रांचा बार असेल तर पहिला बार पूर्ण, चार-चारच्या बीममध्ये, मधोमध तुटलेला, मग दुसऱ्या बारापासून रेघा आणि वर 'सिमिले'. वाजवणाऱ्याने पहिला बार वाचला की रेघांचा अर्थ त्याला विचारावा लागत नाही. ट्रिपलेट असतील तर याहून जास्त जपायचं. शुबर्टच्या 'एर्लक्योनिग'मध्ये, ते त्याने 1815 मध्ये लिहिलं, उजवा हात ट्रिपलेटमध्ये तेच अष्टक ठोकत राहतो, घोडा धावतोय म्हणून. छापील पानावर सुरुवातीला तीनचा आकडा दिसतो आणि मग गायब होतो. पण तू बार चिकटवत गेलीस तर आकडाही सोबत चिकटतो आणि पानावर तीनचं रान माजतं. म्यूझस्कोरमध्ये तो आकडा गुणधर्मांतून बंद करता येतो. पहिल्या दोन बारांत ठेव, पुढे बंद कर. लिलिपाँडमध्ये ट्रिपलेटचा आकडा वगळायची एक आज्ञा आहे, ती तिसऱ्या बाराच्या आधी लाव.

मास्तरांचा सर्वांत आवडता धडा शोपँच्या ई मायनर प्रेल्यूडचा, ऑपस 28 मधलं चौथं. शोपँने ही मालिका मायोर्कातल्या वाल्देमोसात पुरी केली आणि 1839 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 1849 मध्ये त्याच्या अंत्यविधीला मादलेन चर्चमध्ये हे प्रेल्यूड ऑर्गनवर वाजलं. पंचवीसच बार. उजव्या हातात जवळजवळ काहीच नाही, दोनच स्वरांत घुटमळणारी एक ओळ. सगळं डाव्या हातात. तीन स्वरांच्या कॉर्ड आठव्या मात्रांत सतत, आणि मध्येच त्यातला एक स्वर अर्ध्या सुराने खाली सरकतो. बाकीचे दोन तसेच. मग दुसरा सरकतो. डोळ्याला तीच कॉर्ड वाटते, कानाला जमीन सरकल्यासारखी.

नकल करणाऱ्यासाठी हा सापळा आहे. हात म्हणतो, तीच कॉर्ड, दाब आर. चौथ्या बाराशी आल्यावर कळतं की मूळ पानात दुसऱ्या अर्ध्या बारात एक स्वर हलला होता. म्हणून असं लिहिताना उभी कॉर्ड पाहायची नाही, आडवी ओळ पाहायची. तीन स्वर म्हणजे तीन गायक समज. आधी सर्वांत खालचा गायक शेवटपर्यंत गाऊन बघ, मग मधला, मग वरचा. लिहून झाल्यावरही तपासणी याच पद्धतीने. लिलिपाँडमध्ये अक्षरांच्या फाइलीत एका ओळीत एकच बार लिही आणि शेवटी बारची उभी रेघ घाल. मात्रा कमी-जास्त झाल्या तर लिलिपाँड तिथेच ओरडतो, आणि दोन ओळी वर-खाली ठेवल्या की हललेला स्वर लगेच दिसतो. डाव्या हाताच्या कॉर्ड बदलत असताना क्यू अर्धवट वापरायचा नाही. स्वर हलला की कॉर्ड पुन्हा पूर्ण लिही आणि त्यापुढेच क्यू.

म्यूझस्कोरमध्ये इथे आणखी एक गंमत आहे. बार चिकटवून एक स्वर निवडतेस आणि खालचा बाण दाबून अर्धा सूर खाली आणतेस. खालचा बाण फ्लॅट देतो, वरचा बाण शार्प देतो. त्यामुळे ई खाली आला की ई फ्लॅट उमटतो, जिथे मूळ पानावर कदाचित डी शार्प असेल. कानाला फरक कळत नाही, वाचणाऱ्याला कळतो, आणि पियानो शिकवणाऱ्या बाईंना तर ताबडतोब कळतो. कोणता लिहायचा ते मूळ पान पाहून ठरव, बाणावर सोडू नकोस. जे अक्षर दाबून स्वराचं लिखाण बदलतं, त्याचं नाव म्यूझस्कोरमध्ये जे.

शार्प-फ्लॅटचा हिशोबही बारागणिक. फ्लॅट त्या बारापुरताच आणि त्याच अष्टकापुरता टिकतो. पुढच्या बारात तीच कॉर्ड पूर्ण लिहिली तर फ्लॅट पुन्हा हवा. टाय असेल तर नको, पण टाय नव्या ओळीवर गेला तर मी कंसात एकदा आठवण देतो. कॉर्डमध्ये शेजारचे दोन स्वर आले, म्हणजे दोन डोकी एकमेकांना चिकटली, की दांडीच्या दोन बाजूंना जातात. सॉफ्टवेअर हे बरोबर करतं. पण त्या कॉर्डला चार टाय आणि तीन फ्लॅट लागले की सगळं एका गठ्ठ्यात अडकतं आणि टाय कुठल्या स्वराचा कळत नाही. तिथे बार थोडा रुंद कर. जागा वाचवायच्या नादात ओळीत सहा बार कोंबण्यापेक्षा चार बरे.

गिटार किंवा अकॉर्डियनला लिहीत असलीस तर वेगळा विचार. सिनेमाच्या स्टुडिओत गिटारवाल्याला स्वर सहसा लिहायचेच नाहीत. वर कॉर्डचं नाव, खाली ठेक्याच्या तिरक्या रेघा. तो चाल स्वतः धरतो. कॉर्डचं नाव प्रत्येक बारावर लिहू नकोस. नवीन कॉर्ड आली की आणि नवी ओळ सुरू झाली की लिही. लिलिपाँडमध्ये कॉर्डची नावं फक्त बदलली की छापायचा पर्याय आहे, आणि नव्या ओळीला तो आपणहून पुन्हा छापतो. म्यूझस्कोरमध्ये हे लक्ष तुला ठेवावं लागेल.

आणखी एक निर्णय सुरुवातीलाच घे. दिग्दर्शकाच्या पूर्ण स्वरलिपीत काय असणार आणि पार्टात काय असणार? म्यूझस्कोरमध्ये पूर्ण स्वरलिपी आणि पार्ट एकाच शरीराचे. पार्टात टक्का घातलास की तो स्वरलिपीतही जातो. मला दिग्दर्शकाच्या पानावर पूर्ण कॉर्ड बरी वाटते, कारण तो वरून खाली वाचतो, उभा पाहतो. लिलिपाँडमध्ये एकाच फाइलीत टॅग लावून पूर्ण बार स्वरलिपीला आणि टक्के पार्टाला असं दोन्ही ठेवता येतं. टॅग लावायला वेळ जातो, पण ज्या कामात पार्ट वीस आहेत तिथे तो वेळ परत मिळतो. कामाला सुरुवात केल्यावर मध्येच हा विचार बदलू नकोस. अर्ध्या पार्टात टक्के आणि अर्ध्यात पूर्ण बार, असा पार्ट तालमीच्या खोलीत जायला नको.

पडद्यावर पाहून पार्ट पाठवू नकोस. कागदावर छाप, स्टँडवर ठेव, हात लांब करून बस आणि पाच बार मोठ्याने मोज. जिथे तुझी नजर मागे वळली, तिथे वाजवणाऱ्याची वळणारच.

आणि फाइली जप. फिनाले या सॉफ्टवेअरच्या कंपनीने 26 ऑगस्ट 2024 ला त्याचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. पस्तीसेक वर्षं जगभरच्या संगीतकारांनी त्यात काम केलेलं होतं. तुझी प्रत्येक स्वरलिपी पीडीएफ आणि म्युझिकएक्सएमएल, दोन्ही रूपांत ठेव. लिलिपाँडमधून म्युझिकएक्सएमएल थेट निघत नाही, तिथे अक्षरांची मूळ फाइलच तुझी मालमत्ता, तिची प्रत दोन ठिकाणी ठेव. म्युझिकएक्सएमएल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेल्यावर बाकी सगळ्याआधी टक्के, ट्रेमोलोच्या रेघा आणि कॉर्डवरचे टाय तपास. हलवाहलवीत हेच तीन आधी सांडतात.